वरच्या मजल्यावरचे सर

आमच्या वरच्या मजल्यावर गणिताचे निवृत्त सर राहतात. सदाशिव पेठेत निवृत्त माणसाचं अप्रूप नाही. पण बाकीचे निवृत्त लोक पाणी, पार्किंग आणि महापालिका यांवर बोलतात. सर संख्यांवर बोलतात, आणि तेही लिफ्ट बंद असताना, जिन्यात. हातात दुधाच्या पिशव्या असल्या की पळताही येत नाही.

परवा त्यांनी एका लग्नपत्रिकेची कोरी बाजू माझ्यापुढे धरली. त्यावर लिहिलं होतं : १४७५७३९५२५८९६७६४१२९२७.

"दोनाचा सदुसष्टावा घात, वजा एक. संयुक्त आहे. पाडा अवयव."

मी शाळेतल्या कसोट्या लावल्या. आकड्यांची बेरीज १०९, तीनने भाग जात नाही. एकाआड एक आकड्यांच्या बेरजा ६३ आणि ४६, फरक १७, म्हणजे अकराही गेला. सातने भागलं, बाकी एक. तेराने, बाकी दहा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरने शेवटचे आकडे परस्पर गिळून हात वर केले. एवढं सगळं होऊ देऊन सर म्हणाले, "सात, अकरा कशाला बघताय? हिचा कुठलाही अवयव घ्या, १३४ने भागला की बाकी एकच उरते. २६८पर्यंत बघायचं कारणच नाही." हे आधी सांगितलं असतं तर एव्हाना दूध तापून साय धरली असती.

मेर्सेन या फ्रेंच पाद्र्याने १६४४ साली ही संख्या मूळ म्हणून यादीत घालून टाकली होती. १८७६मध्ये ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने ती मूळ नसल्याचं सिद्ध केलं. अवयव मात्र एकही दाखवला नाही. असं कसं असेल, म्हणून मी वाद घालणार होतो, तेवढ्यात आमच्या सोसायटीची मीटिंग आठवली. जिन्यात कुणीतरी कचरा टाकतं हे तिथे एकमताने मंजूर झालंय. कोण टाकतं, ते अजून बाहेर यायचंय.

सरांच्या संख्येचे अवयव मात्र बाहेर आले १९०३ साली. न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. एकीकडे दोनाचा सदुसष्टावा घात काढून एक वजा केला, दुसरीकडे १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ करून दाखवलं. उत्तरं जुळली, टाळ्या पडल्या, आणि ते जागेवर जाऊन बसले. तोंडातून एक शब्द काढला नाही म्हणे. पुण्यात हे खपलं नसतं. इथे वक्त्याची ओळखच अर्धा तास चालते, आणि शेवटी "वक्त्यांनी मूळ विषयाला हातच घातला नाही" असं म्हणायला एक गृहस्थ मागच्या रांगेत तयार असतात. हे अवयव शोधायला किती वेळ लागला, असं कोलना विचारल्यावर "तीन वर्षांचे रविवार" असं उत्तर मिळाल्याची गोष्ट सांगतात.

"ताळा करून बघा," सर म्हणाले, आणि विजेच्या बिलाची पाठ दिली. नऊ आकडी संख्या खाली घ्यायची, म्हणजे ओळी कमी होतात. तिच्यातला एक शून्य आणखी एक ओळ वाचवतो. तरी आठ ओळी उरतात, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा डावीकडे सरकत सरकत बिलाच्या घडीवर चढते. हातचे लिहायला जागा राहिली नाही म्हणून मी ते मीटर रीडिंगच्या रकान्यात लिहिले.

उत्तर बरोबर आलं. सरांनी बिल डोळ्यांजवळ नेलं. "तुमच्या बँकेचं ऑनलाइन कुलूप याच तत्त्वावर चालतं. गुणाकार करायला चहा निवेपर्यंतचा वेळ, उलट फोडायला जन्म. २०२०मध्ये अशी एक २५० आकडी संख्या फोडली, तर संगणकाच्या एका प्रोसेसर कोअरला २७०० वर्षं पुरेल एवढं काम निघालं. ६१७ आकडी आहे, ती अजून कुणाला फुटलेली नाही." मग जरा थांबून, "रविवारी मोकळे आहात ना?"

"रविवारी ते माळा आवरणार आहेत," आतून बायको म्हणाली.

"हरकत नाही," सर म्हणाले. "मग शनिवारी सुरुवात करू."