नावाची पाटी नको

'श्रीमंतांना आता कोणी ओळखणार नाही अशी ठिकाणं हवीत,' हे तुमच्या श्रीमंतांच्या सहलींवरच्या लेखातलं म्हणणं पटलं, पण 'आता' कशाला? कॅरिबियन समुद्रातलं मस्टीक बेट कॉलिन टेनंट या ब्रिटिश उमरावाने 1958 मध्ये 45 हजार पौंडांना घेतलं आणि 1960 मध्ये ब्रिटनच्या राणीची बहीण राजकन्या मार्गारेटला लग्नाची भेट म्हणून तिथे जागा दिली. म्हणजे हौस जुनीच.

मी लक्ष्मी रोडवर बरीच वर्षं सहलींची बुकिंगं केली. एक पेठेतले काका आठवतात. स्कूटरवर यायचे, हातात कापडी पिशवी. भूतानचा कार्यक्रम समोर ठेवला तर खिशातून पेन्सिल काढून पहिली ओळ खोडली: 'विमानतळावर नावाची पाटी घेऊन माणूस उभा करू नका. गाडीचा नंबर कळवा, आम्ही शोधू.' खोलीचा दर मात्र विचारलासुद्धा नाही!

लेखात भूतान नाही याचं नवल वाटलं. पारो, थिंफू, पुनाखा, गांगते, बुमथांग अशा पाच खोऱ्यांत अमन या हॉटेल कंपनीचे छोटे लॉज आहेत. एकातून दुसऱ्यात जायचं, गर्दी लागत नाही. सरकारच परदेशी पाहुण्याकडून माणशी रात्रीला 100 डॉलर घेतं (2022 मध्ये 200 केले होते, पुढच्या वर्षी निम्मे केले). आपल्याला 1200 रुपये.

स्वित्झर्लंडमधल्या ग्श्टाडबद्दल लिहिलंय ते ठीक, तिथली लाकडी घरं बाहेरून सारखीच दिसतात. आपले काका तिथे शोभले असते, पण थंडी सोसत नाही म्हणाले.

भूतानहून परत आल्यावर दुकानात चिक्कीचा पुडा ठेवून गेले. फोटो? एकही दाखवला नाही.