दोष टायटॅनियमचाच, हे इतक्या लवकर ठरवू नका

दात बसवण्यासाठी जबड्यात टायटॅनियम धातूचा स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, घातल्यावर हिरडी सुजली की ती टायटॅनियमची ॲलर्जीच, असा मी वाचलेल्या एका लेखाचा सूर आहे. तो मला पटत नाही. स्पेनमधल्या २००८ च्या अभ्यासात १,५०० रुग्णांपैकी फक्त ९ जणांत अशी ॲलर्जी दिसली, म्हणजे ०.६ टक्के.

आमच्या परभणीच्या मामींचं उदाहरण सांगते. इम्प्लांटभोवतीची हिरडी लालभडक, बोटानं दाबली की कडेनं पू यायचा. घरात सगळे म्हणत, "धातू बाधला." खरं तर साखर वाढलेली आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री चालूच. नीट सफाई झाली, मिश्री सुटली, साखर आटोक्यात आली आणि हिरडी बसली. आपल्या मराठवाड्यात तंबाखू आणि मिश्री किती घरांत आहे, हे वेगळं सांगायला नको. आधी तिथे बघा ना!

याचा अर्थ ॲलर्जी नसतेच असा नाही. इम्प्लांट बसवल्यावर अंगावर चट्टे उठले आणि दुसरं कारण सापडेना, तर तक्रार मनावर घ्यायलाच हवी. "मनाचे खेळ" म्हणून पेशंटला परत पाठवणं चूक आहे. मात्र टायटॅनियमसाठी पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी लावून करायची ॲलर्जीची चाचणी) फारशी भरवशाची नाही. शिवाय वरची कॅप बऱ्याचदा निकेल-क्रोमियमची असते, आणि निकेलची ॲलर्जी कितीतरी जास्त आढळते. खोट्या दागिन्यांनी कान चिघळत असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा, झिर्कोनियाचा (पांढऱ्या सिरॅमिकचा) पर्याय विचारा आणि इम्प्लांटच्या पाकिटावरचं स्टिकर मागून फाईलमध्ये लावून ठेवा.