डबेवाल्यांना ‘सिक्स सिग्मा’ कुणी दिलं?

दर दोन-चार महिन्यांनी एक मजकूर फिरून फिरून मोबाइलवर येतो. त्याचा गोषवारा असा: मुंबईचे डबेवाले रोज दोन लाख डबे पोचवतात, १ कोटी ६० लाख डब्यांमागे त्यांची एक चूक होते, अचूकता ९९.९९९९९९ टक्के, म्हणून ‘फोर्ब्ज’ने त्यांना सिक्स सिग्माचं (कामातल्या चुका जवळपास शून्यावर आणण्याच्या पद्धतीचं) प्रमाणपत्र दिलं आणि हार्वर्डने ते सिद्ध केलं. हे सगळं कमी शिकलेल्या माणसांनी, कागद आणि काँप्युटरशिवाय करून दाखवलं. आणि शेवटी बहुतेक वेळा एक ओळ जोडलेली असते: मग कारखान्यांत ते चार्ट आणि ती आकडेमोड हवीच कशाला?

मी चाकणच्या पट्ट्यात क्वालिटीचं काम करतो. नव्या ऑपरेटरांच्या ट्रेनिंगमध्ये ही गोष्ट स्लाइडवर असतेच, आणि टाळ्याही मिळवते. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नरकडच्या माणसांनी १८९० च्या सुमारापासून चालवलेल्या या सेवेबद्दल मला मनापासून आदर आहे. त्या आदरापोटीच म्हणतो, या मजकुरातलं एकेक वाक्य तपासून बघायला हवं.

‘फोर्ब्जने सिक्स सिग्मा प्रमाणपत्र दिलं’

दिलेलं नाही. १९९८ मध्ये ‘फोर्ब्ज ग्लोबल’मध्ये सुब्रत चक्रवर्ती यांचा डबेवाल्यांवर लेख आला. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं की फोर्ब्जने असं कुठलंही प्रमाणपत्र दिलं नाही, आणि लेखात सिक्स सिग्मा हा शब्दसुद्धा आपण वापरलेला नाही. ते दोन शब्द नंतर बातम्यांमधून चिकटले. एकाने लिहिलं, दुसऱ्याने त्यावरून उचललं, तिसऱ्याने भाषणात वापरलं.

शिवाय अख्ख्या संस्थेला ‘सिक्स सिग्मा’ बहाल करणारी कुठलीही सर्वमान्य यंत्रणा जगात नाही. १९८६ च्या सुमारास मोटोरोलात बिल स्मिथ या इंजिनिअरने ही पद्धत मांडली, १९९५ नंतर जनरल इलेक्ट्रिकने ती गाजवली. ग्रीन बेल्ट, ब्लॅक बेल्ट या तिच्या प्रशिक्षणाच्या पायऱ्या मिळतात त्या माणसांना, आणि तेही वेगवेगळ्या संस्थांकडून.

‘१ कोटी ६० लाखांत एक चूक’

सगळी गोष्ट या आकड्यावर उभी आहे, म्हणून इथे जरा थांबू.

चक्रवर्तींनी संघटनेच्या अध्यक्षांना विचारलं होतं की चूक किती वेळा होते. उत्तर मिळालं: जवळजवळ नाहीच, दोन महिन्यांतून एखादी. तेव्हा रोजचे डबे होते सुमारे १ लाख ७५ हजार. महिन्याला कामाचे २३ दिवस धरा, दोन महिन्यांचे ४६. १,७५,००० गुणिले ४६ म्हणजे ८०,५०,०००. झाले ८० लाखांत एक. डबा परतही येतो म्हणून दुप्पट केलं, की १ कोटी ६० लाख. हिशोब बरोबर आहे, पण त्याचा पाया म्हणजे बोलण्याच्या ओघात आलेलं ‘एखादी’ हे उत्तर. त्यामागे तक्रारवही नाही, नमुना नाही, मोजणीचा कालावधी नाही. अध्यक्ष खोटं बोलले असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांच्या कानावर जेवढ्या चुका आल्या तेवढ्या त्यांनी सांगितल्या. पण पाच हजार माणसांच्या कामातल्या किती चुका वरपर्यंत पोचतात? कारखान्यातल्या माझ्या विभागात पन्नास माणसं आहेत आणि तिथल्याही सगळ्या पोचत नाहीत.

मजकुरातले आकडे एकमेकांशीही जुळत नाहीत. ९९.९९९९९९ टक्के म्हणजे १० कोटींत एक चूक. १ कोटी ६० लाखांत एक आणि १० कोटींत एक या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. त्यांत सहा पटींहून जास्त अंतर आहे. पुढे पुढे ढकलताना कुणीतरी एक नऊ वाढवला आणि कुणी अडवलं नाही. शिवाय १९९८ मध्ये डबे पावणेदोन लाख होते, २०१२ मध्ये हार्वर्डच्या नियतकालिकात एक लाख तीस हजारांच्या वर लिहिले गेले, आणि कोविडनंतर धंदा आणखी बसला. छेद इतका बदलला, तरी उत्तर मात्र २५ वर्षं तेच.

आता समजा, हा आकडा खरोखर सिद्ध करायचाच आहे. त्यासाठी किती मोजावं लागेल? संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा नियम आहे. काही नग तपासले आणि एकही चूक सापडली नाही, तरी चुकीचं प्रमाण शून्य आहे असं म्हणता येत नाही. ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की ते ‘३ भागिले तपासलेले नग’ याहून जास्त नाही. म्हणजे १ कोटी ६० लाखांत एक हा दावा टिकवायला ४ कोटी ८० लाख फेऱ्या तपासाव्या लागतील, आणि त्यांत एकही चूक निघता कामा नये. दोन लाख डबे, जाण्या-येण्याच्या मिळून रोज चार लाख फेऱ्या, म्हणजे कामाचे १२० दिवस. एक जरी चूक निघाली तरी तेवढ्याच खात्रीसाठी मुदत १९० दिवसांवर जाते. मला यातली आशेची बाजू दिसते: हे अशक्य नाही. एवढ्या मोठ्या रोजच्या संख्येमुळे वर्षभरात निकाल लागू शकतो. पण त्यासाठी प्रत्येक डब्याची नोंद हवी.

त्याआधी चूक म्हणजे काय, हे ठरवायला हवं. डबा दुसऱ्याच्या टेबलावर गेला, ही चूक. तासभर उशिरा आला, ही? गाडीत सांडला? परतीला एक दिवस मुक्काम पडला? चोरीला गेला? कारखान्यात ‘डिफेक्ट’ची लेखी व्याख्या केल्याशिवाय कुणी रिजेक्शनचा टक्का काढत नाही. २६ जुलै २००५ घ्या. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, दुपारनंतर लोकल ठप्प झाल्या. त्या दिवशी परतीचे फक्त हजार डबे वेळेवर घरी पोचले नाहीत असं धरू. १ कोटी ६० लाखांत एक ही सरासरी राखायला १,६०० कोटी फेऱ्या बिनचूक व्हायला हव्यात. वर्षाला ३०० दिवस, १२ कोटी फेऱ्या, या हिशोबाने १३३ वर्षं लागतील. सेवा सुरू होऊन तेव्हा ११५ वर्षंच झाली होती.

कुणी म्हणेल, पूर आला ही काय डबेवाल्यांची चूक? अगदी मान्य. नेहमीच्या कारणांनी होणाऱ्या चुका वेगळ्या आणि विशेष कारणाने झालेल्या वेगळ्या, हा भेद तर गुणवत्तेच्या संख्याशास्त्राचा पायाच आहे. पण मग काय मोजायचं आणि काय वगळायचं ते आधी लिहून ठेवावं लागतं, निकाल लागल्यावर नाही.

‘म्हणजे सिक्स सिग्माच झालं की’

सिग्मा म्हणजे प्रक्रियेतल्या चढ-उताराचं माप. सरासरीपासून सहनमर्यादेपर्यंत (नग चालतो ती हद्द, म्हणजे टॉलरन्स) दोन्ही बाजूंना सहा सिग्मा जागा असेल, तर मर्यादेबाहेर जाणारे नग अब्जात सुमारे दोन. सगळीकडे दिसणारा ‘दहा लाखांत ३.४’ हा आकडा, दीर्घ काळात सरासरी दीड सिग्माने सरकते असं मोटोरोलाच्या पद्धतीने गृहीत धरल्यामुळे आला. १ कोटी ६० लाखांत एक म्हणजे अब्जात सुमारे ६२. एका व्याख्येने ते सिक्स सिग्माच्या पुढे जातं, दुसरीने मागे राहतं. मजकूर पाठवणाऱ्याला कुठली अभिप्रेत आहे? डबा चार-पाच हातांतून जातो. प्रत्येक हात ही चुकीची स्वतंत्र ‘संधी’ धरली तर काहीही न सुधारता आकडा पाचपट चांगला दिसतो. ही पळवाट मी पुरवठादारांच्या रिपोर्टांत पुष्कळदा पाहिली आहे, आणि ती बंद व्हावी असं मला कळकळीने वाटतं.

‘हार्वर्डने सिद्ध केलं’

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या स्टेफान थॉमके यांनी २०१० मध्ये डबेवाल्यांवर केस स्टडी लिहिली. तिचा विषय होता ही माणसं संघटित कशी आहेत, काम कसं वाटून घेतात, एकमेकांशी कशी बांधलेली आहेत. चुकीचा दर मोजणं हा तिचा हेतू नव्हता. ती वाचण्यासारखी आहे, कारण खरं शिकण्यासारखं तिथेच आहे.

डब्याच्या झाकणावरची खूण बघा. नेहमी दिलं जाणारं उदाहरण असं: ‘व्हीएलपी’ म्हणजे विलेपार्ले, डबा निघाला ते स्टेशन. ‘ई’ म्हणजे तिथे तो उचलणारा माणूस. मधोमध मोठा ‘३’, म्हणजे चर्चगेट. आणि ‘९ ईएक्स १२’: उतरल्यावर ९ नंबरचा माणूस, एक्स्प्रेस टॉवर्स, बारावा मजला. ग्राहकाचं नाव नाही, पूर्ण पत्ता नाही. प्रत्येक हाताला फक्त आपल्यापुरता भाग वाचायचा. स्टेशनवर वर्गवारी करणाऱ्याची नजर त्या मोठ्या आकड्यावर, मजले चढणाऱ्याची शेवटच्या जोडीवर. पंचवीसेक जणांच्या गटात दोन-तीन माणसं जादा असतात. कुणी आजारी पडला की ओळ तुटत नाही.

मुख्य म्हणजे एकाने केलेली चूक पुढच्याच्या हातात उघडी पडते. कल्पनेचे आकडे घेऊ. समजा वर्गवारीत हजारात एक डबा चुकीच्या ढिगात पडतो, आणि पुढचा माणूस अशा हजार चुकांपैकी ९९९ पकडतो. ग्राहकाला दिसेल ती दहा लाखांत एक चूक. पण आत, दोन लाख डब्यांवर, रोज २०० चुका होतील आणि त्याच दिवशी सुधारल्या जातील. ‘एकच चूक’ म्हणणारा मजकूर ही सगळी पकडापकडी पुसून टाकतो, आणि डबेवाल्यांचं खरं कसब तर तिथेच असतं! कारखान्यातही हेच होतं. ग्राहकाकडून परत आलेले नग शून्य म्हणून सत्कार होतो, आणि शेडच्या कोपऱ्यात रिवर्कचे, म्हणजे दुरुस्तीला काढलेल्या नगांचे, क्रेट साचलेले असतात. नग बनवण्याचे पाच टप्पे, प्रत्येकात पहिल्या फेरीत ९९ टक्के पास, तरी शेवटपर्यंत हात न लावता जाणारे नग ९५ टक्केच.

‘मग कारखान्यांत चार्ट कशाला?’

डबा चुकला तर त्याच दुपारी जेवायला बसलेल्या माणसाला कळतं. म्हणजे प्रत्येक नगाची तपासणी होते, लगेच, आणि ती ग्राहकच करतो. यंत्राच्या भागात पाडलेल्या २५ मिलिमीटरच्या गोल भोकाचं, म्हणजे बोअरचं, तसं नाही. त्याला एच-७ दर्जाचा टॉलरन्स असेल तर २५ वर शून्य ते २१ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) एवढीच जागा. चुकलेला बोअर डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. तो असेंब्लीत जातो, गाडीत बसतो आणि काही महिन्यांनी आवाज करायला लागतो.

मशीनवर काय होतं ते जवळून बघू. दर तासाला ओळीने पाच नग घ्यायचे, बोअर गेजवर मोजायचे, त्यांची सरासरी आणि सर्वांत मोठ्या-लहानातला फरक चार्टवर टाकायचा. समजा फरकांची सरासरी ५ मायक्रॉन आहे आणि प्रक्रिया बरोबर मधोमध, साडेदहावर. पाच नगांसाठीचा ठरलेला गुणक ०.५७७, म्हणून सरासरीच्या मर्यादा साडेदहाच्या खाली-वर २.९: म्हणजे ७.६ ते १३.४. आता इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराचं टोक) झिजत जातो, बोअर बारीक होत जातो, सरासरी साडेसहावर येते. प्लग गेज (नुसतं ‘बसतो की नाही’ सांगणारं माप) अजूनही जवळपास प्रत्येक नगाला ओके म्हणेल. हजारात एखादाच अडकेल. चार्टवर मात्र बिंदू ७.६ च्या खाली गेलेला स्पष्ट दिसतो. ऑपरेटर थांबतो, ऑफसेट देतो, म्हणजे हत्याराची जागा थोडी सरकवतो, किंवा इन्सर्ट बदलतो. रिजेक्शनची रांग लागायच्या आत काम होतं. ही प्रक्रिया चांगलीच आहे, पण तिचा सिग्मा सुमारे २.१५ मायक्रॉन, सिक्स सिग्मासाठी तो १.७५ वर आणावा लागेल. हे अंतर मोजल्याशिवाय कुणालाही सांगता येणार नाही, कितीही अनुभव असो.

१६ मे १९२४ ला संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीतल्या वरिष्ठांना जे छोटं टिपण दिलं, त्यात असला पहिला चार्ट होता. भारतीय संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊनही गेले. हे शास्त्र आपल्याकडे स्वातंत्र्याइतकंच जुनं आहे, आणि सातवी-आठवी शिकलेले ऑपरेटर ते दर तासाला वापरतात. त्यांना ‘चार्ट कशाला’ असं स्लाइडवरून सांगणं हा त्यांच्या कामावर अन्याय आहे.

डबेवाल्यांचा आकडा खरोखर काढायचा असेल तर काँप्युटर लागणार नाही. प्रत्येक गटाच्या मुकादमाकडे एक वही, तिच्यात पाच रकाने: चुकीच्या जागी गेला, उशीर झाला, हरवला किंवा सांडला, परत आला नाही, आणि वाटेत पकडून सुधारला. एवढ्या क्वचित होणाऱ्या चुकांना टक्के काढून उपयोग नसतो. दोन चुकांमध्ये किती दिवस गेले, तेच चार्टवर टाकायचं. पहिला रकाना बहुधा दिवसेंदिवस कोरा राहील. पाचवा भरेल, आणि कुठल्या स्टेशनवरची वर्गवारी, कुठल्या महिन्यात, कुठल्या खुणेमुळे चुकते ते त्याच रकान्यातून कळेल: पुसट झालेला रंग, नवीन इमारतीचं जुन्यासारखंच लघुरूप, पावसातली घाई.