हक्काचे पैसे मागता येतात का तुम्हाला?

नोकरी सोडून स्वतःचा धंदा सुरू करावा का, असं विचारायला येणारी मुलं आधी मशीन कोणतं घेणार ते सांगतात, मग जागा, मग कर्ज. मी सगळं ऐकून घेते आणि एवढंच विचारते: लोकांकडे अडकलेले स्वतःचे पैसे तुला मागता येतात का?

भोसरीत आमचं जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचं काम करून देण्याचं, छोटं युनिट आहे. मशीन आणि माणसं नवरा बघतो. बिलं, बँक आणि वसुली माझ्याकडे. पार्टीच्या, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीच्या, अकाउंट्सला फोन लावला की ठरलेली उत्तरं येतात. साहेब बाहेर आहेत. जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाला नाही. पुढच्या लॉटमध्ये काढतो. माल उत्तम गेलेला असतो, रिजेक्शन नसतं, आणि तरीही पुन्हा पुन्हा, आवाज न चढवता, संबंध न बिघडवता फोन करत राहावा लागतो. हे काम ज्याला अपमानास्पद वाटतं, त्याने उधारीच्या धंद्यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्यातल्या कितीतरी हुशार कारागिरांचे धंदे कामात कमी पडल्यामुळे बसले नाहीत, ते वसुलीत बसले. शेजारी दिलेले हातउसने परत मागतानाही ज्यांची जीभ अडखळते, अशा घरांतून आपण येतो. मीही तशाच घरातली आहे.

आता हिशेब बघा. समजा पगार, भाडं, लाईट बिल, टूल्स मिळून महिन्याचा खर्च २ लाख आहे. एप्रिलभर काम केलंत, महिनाअखेरीला बिल दिलंत, पार्टी ९० दिवसांनी पैसे देते. म्हणजे एप्रिलचे पैसे जुलैअखेरीला येणार. तोवर चार महिन्यांचे ८ लाख तुम्ही खिशातून घातलेले असतात, आणि त्यात मशीनचा हप्ता धरलेलाच नाही. शिवाय महिन्याचं रिटर्न भरत असाल तर एप्रिलच्या बिलावरचा जीएसटी २० मेपर्यंत भरायचा. पार्टीने तुम्हाला दिलेला असो वा नसो. मशीनसाठी कर्ज सगळे काढतात. खेळत्या भांडवलाचा विचार पहिला पगार थकायची वेळ आल्यावर होतो.

कायदा आहे, आणि तो माहीत असलाच पाहिजे. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं, हे २००६ च्या एमएसएमई कायद्यातच आहे. २०२३-२४ पासून आयकरातही तरतूद आली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर पार्टीला तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष देणार त्याच वर्षी उत्पन्नातून वजा मिळतो. त्यामुळे मार्चमध्ये आम्ही फोन करायच्या आधी काही पार्ट्यांचेच फोन येऊ लागले! उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका, आणि नंबर प्रत्येक बिलावर छापा. तक्रारीसाठीही सरकारी पोर्टल आहे. पण ज्याच्यावर तुमचं निम्मं काम अवलंबून आहे, त्याच्याविरुद्ध तक्रार करायला हात धजत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून एकाच पार्टीवर विसंबू नका.

सगळेच धंदे असे नसतात. मेसवाल्या ताई महिन्याचे पैसे आगाऊ घेतात, शिवणकामात निम्मा अ‍ॅडव्हान्स चालतो. मागणं जमणार नसेल तर असा रोखीचा धंदा निवडा. त्यात कमीपणा काहीच नाही.

घराचाही विचार हवा. नोकरी सुटली की कंपनीचा मेडिक्लेम संपतो, तेव्हा आई-वडिलांचा विमा राजीनाम्याआधी काढा. घरासाठी कर्ज घ्यायचं असेल तर तेही आधीच. नंतर बँक धंद्याची दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागते. आणि घरात दुसरा पगार नसेल तर घाई नकोच.

नणंदेचा मुलगा चाकणला डिझाइनमध्ये आहे. 'मामी, मी युनिट टाकतोय' म्हणाला, तेव्हा मी त्याला राजीनामा थांबवायला सांगितलं. आधी कंपनीची परवानगी घे, सुट्टीच्या दिवशी बाहेरची दोन कामं कर, बिल दे आणि पैसे स्वतः वसूल करून दाखव. एकाचे आले आहेत. दुसऱ्याला तो अजून फोन करतोय, आणि चिडत नाहीये. मला त्याचं हेच आवडलं.

भोसरी, सातपूर, वाळूज, गोकुळ शिरगावला युनिट चालवणाऱ्यांनो, नव्याने येणाऱ्यांसाठी खाली लिहा: तुमच्या पहिल्या बिलाचे पैसे किती दिवसांनी आले?