शिक्का मारणाऱ्याला कोण तपासणार?

मी जर्मनीतल्या बॉनमध्ये राहते. लाकूड नीट राखलेल्या जंगलातून आलंय असा शिक्का देणारी, जगभर ओळखली जाणारी संस्था म्हणजे एफएससी (फॉरेस्ट स्ट्युअर्डशिप कौन्सिल). हिचं मुख्यालय याच शहरात आहे. इथल्या दुकानात लाकडी पोळपाटासारखी वस्तू उलटी केली की झाडाची खूण आणि 'सी'ने सुरू होणारा क्रमांक बऱ्याचदा दिसतो. तो क्रमांक संकेतस्थळावर टाकला की कंपनीचं नाव कळतं, प्रमाणपत्र चालू आहे की रद्द झालंय तेही कळतं. लाकूड कुठल्या जंगलातलं, ते मात्र कळत नाही. 'मिक्स' लिहिलेलं असेल तर काही लाकूड प्रमाणित जंगलाबाहेरचंही असू शकतं.

डिसेंबर २०२३मध्ये केंद्र सरकारने देशी वन आणि काष्ठ प्रमाणन योजना आणली, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. परदेशी शिक्क्याचा खर्च दोन एकर साग लावणाऱ्याला झेपत नाही, ही तक्रार रास्तच आहे. पण शिक्का देशी की परदेशी यावरच वाद घालत बसलो, तर खरा प्रश्न बाजूला पडतो. आपली बहुतेक जंगलं वनखात्याच्या ताब्यात आहेत आणि योजना चालवणारी भोपाळची संस्था केंद्राच्या वन मंत्रालयाखालची. म्हणजे जंगल राखणारे आणि शिक्का देणारे दोघेही सरकारीच. तपासणी बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्था करणार, हे चांगलं. त्यांचे पैसे कोण देणार? एफएससीत ते तपासली जाणारी कंपनीच देते, आणि ही खोट आपण जशीच्या तशी उचलू नये. जंगल राखायला एफएससी सगळीकडे पुरी पडत नाही, असं म्हणत २०१८मध्ये ग्रीनपीस इंटरनॅशनल ही पर्यावरण संघटना तिथून बाहेर पडली.

एफएससीकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. तिथे पर्यावरणवादी, सामाजिक संघटना आणि व्यापारी या तीन गटांच्या मतांना सारखं वजन आहे. आपल्याकडे तसं वजन ग्रामसभेला हवं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. जे गाव आपल्या बांबूचा पास स्वतः फाडतं, त्याला तपासणीचा अहवाल कळणार नाही असं कोण म्हणेल? तो मराठीत, ग्रामसभेपुढे वाचला जावा. हरकत आली तर लेखी उत्तर मिळेपर्यंत शिक्का थांबावा. तपासनिसांची नेमणूक आणि फी सामायिक निधीतून व्हावी, आणि त्या निधीत लहान शेतकऱ्याचा वाटा सरकारने भरावा.