फेलिक्स्टोचा दाखला वाढवणला लावू नका

पालघर जिल्ह्यात होऊ घातलेल्या वाढवण बंदराचा विषय निघाला की डहाणूचा माझा मावसभाऊ फोनवर हमखास विचारतो, “ताई, तुमच्याकडे एवढं मोठं बंदर आहे, तरी लोक किनाऱ्यावर मजेत फिरतात. मग आपल्याकडेच विरोध कशाला?” त्याने पाहिलेत ते मीच पाठवलेले फोटो. त्यामुळे उत्तर देणं मला भाग आहे.

मी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोकमधल्या फेलिक्स्टोला राहते. पंचवीस हजारांच्या आतबाहेर वस्ती, आणि ब्रिटनमधलं सर्वांत मोठं कंटेनर बंदर. लँडगार्डच्या जुन्या किल्ल्याजवळ, गोट्यांच्या किनाऱ्यावर, चहा पीत बसलं की ४०० मीटर लांबीची जहाजं अगदी समोरून जातात. पलीकडे लाकडी खोपट्यांची रांग, पोहणारी मुलं. फोटो खोटे नाहीत.

पण या गावात रेल्वे आणि गोदी आणली ती १८७५च्या कायद्याने स्थापन झालेल्या एकाच कंपनीने. गाव वाढलं ते बंदराबरोबर. १९६७ला कंटेनर टर्मिनल झालं, आणि आज इथल्या कितीतरी घरांची चूल गोदीवर पेटते. ऑगस्ट २०२२मध्ये सुमारे १,९०० कामगार पगारवाढीसाठी आठ दिवस संपावर गेले, तेव्हा दुकानात, बसमध्ये दुसरा विषय नव्हता. मासेमारीवर मात्र हे गाव जगत नाही. डेबेन नदीच्या मुखाशी फेलिक्स्टो फेरी नावाची वाडी आहे. तिथल्या शेडमध्ये ताजे मासे मिळतात, मी घेतेही. पण होड्या मोजक्याच.

वाढवणला समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक बांध होणार आहे, तोही जिथे डोलजाळी, म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात बांधलेली पिशवीसारखी जाळी लावून गावंच्या गावं बोंबलांवर जगतात तिथे. मोठ्या जहाजांना लागणारी खोली तिथे आहे, देशाला बंदर हवं आहे, हे मी नाकारत नाही. पण मासे विणीला येतात ती जागा उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

इथेही सगळं वाचलं असं नाही. टर्मिनल वाढवताना फॅगबरीचा ओहोटीला उघडा पडणारा चिखलपट्टा गेला. त्या बदल्यात पक्ष्यांसाठी शेजारी ट्रिमलीची पाणथळ तयार केली, आणि ती आजही राखली जाते. उरणजवळचं न्हावा-शेवा बंदर १९८९ला सुरू झालं, तेव्हा विस्थापित झालेल्या शेवा कोळीवाड्याच्या माणसांना धड पुनर्वसनासाठी दशकानुदशकं भांडावं लागलं. पक्ष्यांना मिळालं तेवढंही या माणसांना वेळेवर मिळालं नाही, हे मला फार लागतं. वाढवणच्या लोकांनी विरोध करताना उरणकडे बोट दाखवलं, तर त्यांना विकासाचे शत्रू कसं म्हणायचं?

पुढचा फोटो मी भावाला फेलिक्स्टो फेरीच्या मासेमारी होड्यांचा पाठवणार आहे. त्या मोज म्हणेन, आणि मग धाकटी डहाणूच्या कोळीवाड्यात जाऊन तिथल्या मोज.