पिकअप डेड नाहीये, त्याची बनावटच तशी आहे

नमस्कार दादा, तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमची तक्रार अशी की गिटारच्या दुरुस्तीला सहा आठवडे लागले, घरी मीटर लावला तर पिकअप (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलतो तो भाग) फक्त 2 किलोओहम रेझिस्टन्स दाखवतो म्हणजे आम्ही अर्धा मेलेला पिकअप तसाच परत दिला, खर्जाच्या तारा दबलेल्या वाजतात आणि हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, बसवा सांगूनही आम्ही बसवला नाही.

उशीर झाला ती चूक आमचीच, तीन आठवडे सांगितले होते आणि मधे साधा फोनपण केला नाही, त्याबद्दल मनापासून सॉरी.

पण पिकअप मेलेला नाहीये हो. तुमची रिकनबॅकर कंपनीची हवाईयन गिटार बेकलाईटवाली (जुनं कडक प्लॅस्टिक), मॉडेल बी, त्यात हॉर्सशू पिकअप आहे, म्हणजे घोड्याच्या नालेसारखे दोन मॅग्नेट तारांना वरून खालून वेढून बसलेत आणि कॉइल तारांच्या खाली. जॉर्ज बीचम साहेबांच्या डोक्यातून निघालेली आणि 1932 ला रिकनबॅकरच्या फ्राईंग पॅन नावाच्या गिटारमधून बाजारात आलेली हीच ती बनावट, आणि तुमचे मॅग्नेट दीड इंच रुंद आहेत म्हणजे महायुद्धाच्या आधीचे, नंतर त्यांनी सव्वा इंची केले. आता मीटरचं सांगतो. फेंडरच्या स्ट्रॅट या इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपला 42 गेजची बारीक तार असते, तिथे 6 किलोओहमच्या आसपास आकडा येतो, आणि तुम्ही बहुतेक त्याच्याशीच तुलना केलीत. तुमच्या कॉइलची तार 38 गेजची, जाड, आणि सारखीच लांबी घेतली तरी 42 चा रेझिस्टन्स 38 च्या साधारण अडीचपट भरतो, त्यात जाड तारेचे वेढेही तेवढ्या जागेत कमी बसतात, मग आकडा कमी येणारच ना. जोर येतो तो त्या दांडग्या मॅग्नेटमधून, आणि मीटर मॅग्नेट मोजतच नाही. गिब्सनच्या सुरुवातीच्या ईएच-150 या हवाईयन गिटारमधला चार्ली ख्रिश्चन म्हणतात तो पिकअपपण असाच, कॉइलमधून एक पोलादी पट्टी आणि खाली दोन लांब मॅग्नेट लपवलेले, तोही मीटरवर कमीच दाखवतो आणि वाजतो मात्र भरदार. लिओ फेंडर आणि डॉक कॉफमन या गिटार बनवणाऱ्यांनी तर 1944 ला पेटंटसाठी अर्ज केला त्यात तारा कॉइलच्या मधूनच ओवल्या होत्या. प्रत्येकाने वेगळा रस्ता काढलाय, नुसत्या ओहमवरून यांची तुलना होत नाही.

खर्जाच्या तारांचं कारण मला गिटार परत देतानाच दिसलं होतं आणि तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही ॲकूस्टिकचा ब्राँझचा सेट चढवलाय. ब्राँझला चुंबक ओढत नाही, पिकअपला फक्त आतली पोलादी तार कळते, त्यामुळे वरच्या दोन साध्या तारा ठणठणीत आणि खालच्या गुंडाळलेल्या मागे पडतात. निकेलचा सेट टाकून बघा, फरक लगेच ऐकू येईल.

हंबकर बसवायचा तर बेकलाईट कोरावं लागलं असतं, ते ठिसूळ असतं, एक चीर गेली की गेली, आणि नाल काढली की तो आवाजच गेला, आपल्याकडे हझारा सिंग, व्हॅन शिप्ली या वादकांच्या रेकॉर्ड लावणाऱ्या घरांतली पोरं हवाईयन गिटारकडे वळली ती आवाजाच्याच ओढीने. म्हणून मी नाही म्हणलं, पुढेही नाहीच म्हणेन. घूं घूं आवाज येत होता तो ग्राउंडची जुनी वायर तुटल्यामुळे, ती बदललीये, कॉइलला हात लावलेला नाही.

मॅग्नेट तळहाताला लागतो हे तुमचं बरोबर आहे, हात थोडा बाजूला सरकवून वाजवावं लागतं, सवयीला वेळ जातो. कुठल्याही दिवशी दुपारी गिटार घेऊन या, निकेलचा सेट आमच्याकडून, उशिराची भरपाई म्हणून, समोर बसून वाजवून बघू आणि तरी आवाज पटला नाही तर मजुरीचे पैसे परत देतो.